स्टिअरिंग हाती आलं, पाना कधी येणार?

बाईनं गाडी चालवणं ही आता बातमी राहिलेली नाही. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा ती बातमी होती. आज बीड जिल्ह्यात आमच्या संस्थेची बोलेरो दोन कार्यकर्त्या चालवतात आणि गावात कुणी वळूनही बघत नाही. पण हीच गाडी बंद पडली, की बॉनेटभोवती चार पुरुष जमतात आणि आम्ही पाण्याची बाटली धरून बाजूला उभ्या राहतो. गाडी धुणं-पुसणं बाईकडे, पाना पुरुषाकडे! घरातली श्रमविभागणी आपण जशीच्या तशी गाडीपर्यंत आणून पोचवली आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. ज्या संघटनेकडे अशी गाडी आहे, तिनं गाडीच्या डिफरन्शियलचं ऑइल आपल्या अंगणात, आपल्या हातानं बदलावं.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोल डबा दिसतो, ते डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीनं फिरू देण्याचं काम त्यातले गिअर करतात. धारूरच्या घाटात प्रत्येक वळणावर ते हेच करत असतात. त्यांना जे जाड ऑइल लागतं, त्याला गॅरेजात ‘नव्वद नंबर’ म्हणतात. इंजिनचं ऑइल सगळ्यांच्या लक्षात राहतं, याची आठवण कुणालाच नसते. आवाज यायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो, आणि मग क्राऊन-पिनियनचा मोठा खर्च बोकांडी बसतो. एका गॅरेजनं आम्हाला हे ऑइल बदलल्याचं बिल दिलं होतं. काही दिवसांनी आम्ही नट उघडला, तर आतून काळंकुट्ट जुनंच ऑइल निघालं. बायकांची संस्था आहे, तपासणार कोण, हा त्यामागचा हिशेब होता.

काम अवघड नाही. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होतं. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. बोलेरोसारखी उंच गाडी उचलावी लागत नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आधी वरचा, ऑइल भरायचा नट सैल करा, मगच खालचा उघडा. खालून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा नट निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा बारीक लोखंडी गाळ ही नेहमीची झीज समजा, पण तुकडे सापडले तर गॅरेज गाठा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. खालचा नट घट्ट बसवून वरच्या भोकाच्या काठापर्यंत नवं ऑइल भरा, आणि तोही नट घट्ट बसवा. कोणतं आणि किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जुनं ऑइल ओढ्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

यावर आमच्या बैठकीत एक कार्यकर्ती म्हणाली, “ताई, आपल्या बाया कारखान्यावर ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवतात, वर भाकरी थापतात. आता पानाही त्यांच्याच हाती द्यायचा का?” प्रश्न रास्त आहे. बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम टाकायचं नाही, हे मलाही मान्य आहे. पण पान्याचं काम फुकटचं नाही. त्याला मजुरी आहे, मान आहे, म्हणूनच ते आपल्यापासून दूर राहिलं. ते कामाच्या वेळात करावं, मानधनात धरावं आणि आळीपाळीनं करावं. शिवाय गॅरेजवाल्याचं पोट मारण्याचाही हा प्रकार नाही. मोठी कामं त्याच्याकडेच जातील. फक्त त्याच्यासमोर आपण जाणकार गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहू.

हातपंपाचं उदाहरण आठवा. आपल्या शेजारच्या जालन्यात आणि सोलापुरात सुधारलेल्या पंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप तयार झाला आणि देशभर गेला. पाणी बायकाच भरत होत्या, पण पंप बिघडला की वाट पाहायची ती पुरुष मिस्त्रीची. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बायकांनी १९९० च्या दशकात पाने हाती घेतले आणि पंप दुरुस्त करायला लागल्या. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं.

रात्री दोन वाजता मारहाणीचा फोन येतो, बाळंतिणीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा गाडी हेच आपलं मोठं हत्यार असतं. ते निघेल की नाही, हे ठरवणं दुसऱ्याच्या हाती का ठेवायचं? पुढच्या शिबिरात हिंसाविरोधी कायद्याच्या सत्राला जोडून दोन तास गाडीखाली घालवू या. साड्यांना डाग पडतील, पडू देत. आणि हो, फोटोपुरता पाना धरू नका. नट स्वतः उघडा.