कुत्ता गोळी मिळते, मॉर्फिन मिळत नाही. ही कोरी वही कुणाची?

पोस्ट लांब आहे. पण घरात दहावी-बारावीतलं पोरगं असेल किंवा कॅन्सरचा पेशंट असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

दोन प्रसंग सांगतो. दोन्ही आपल्याच गावातले.

पहिला दीड वर्षापूर्वीचा. माझ्या मामांना तोंडाचा कॅन्सर. शेवटचे दोन महिने. शहरातल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या संपल्या. रात्री साडेआठला चिठ्ठी, फाईल, आधार कार्ड सगळं घेऊन मी सात मेडिकल फिरलो. सगळीकडे एकच उत्तर. "भाऊ, ते आम्ही ठेवत नाही. लफडं असतं." सरकारी दवाखान्यात गेलो. तिथेही नाही. मामांनी ती रात्र भिंतीला डोकं टेकवून काढली. मामी तोंडात पदर कोंबून शेजारी बसून होत्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी शहर गाठलं.

दुसरा प्रसंग गेल्या महिन्यातला. ओळखीच्या एक ताई घरी आल्या. पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. अकरा होत्या. अल्प्राझोलमच्या. मुलाच्या गादीखाली सापडल्या. मुलगा सतरा वर्षांचा. "दादा, ह्या कशाच्या गोळ्या आहेत हो?" काय सांगणार? झोपेच्या, घबराटीच्या आजाराच्या गोळ्या. गल्लीत हिचं नाव कुत्ता गोळी. संभाजीनगरकडे बटन म्हणतात. पोरगं कुठून आणायचं तेही नंतर कळलं. मेडिकलच्या काउंटरवरून. चिठ्ठी नाही, बिल नाही. छापील किमतीच्या तिप्पट पैसे आणि कागदाची पुडी.

म्हणजे ज्याच्याकडे चिठ्ठी होती त्याला औषध मिळालं नाही, आणि ज्याच्याकडे चिठ्ठी नव्हती त्याला मिळालं. एकाच गावात.

आता दर वेळी शांतता समितीच्या बैठकीत कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "साहेब, कायदा कडक करा." मंडळी, कायदा कडक आहेच. तो नीट वाचा, मग सांगा कुठे कमी पडतो.

अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं 'शेड्यूल एच-वन' मध्ये येतात. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. नियम साधा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. देताना त्याच वेळी वेगळ्या वहीत लिहायचं: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कोणतं, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपायची आणि तपासणीला कुणी आलं की पुढे ठेवायची. चिठ्ठीवर सही हवी, तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, किती गोळ्या ते हवं. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. आणि हे सगळं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवं. नुसतं भिंतीवर टांगलेलं त्याचं सर्टिफिकेट चालत नाही.

केटामाईनसारखी 'शेड्यूल एक्स' मधली औषधं आणखी वरची. त्यांना वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवायची, औषध कुलपात.

यावर १९८५ चा एनडीपीएस कायदा आहेच. अल्प्राझोलम त्या कायद्याच्या यादीतही आहे. स्वतःच्या उपचारासाठी माणसानं एका वेळी किती गोळ्या जवळ बाळगाव्यात, याचाही आकडा नियमात आहे. शंभर. डॉक्टरांनी लांबच्या उपचारासाठी खास लिहून दिलं असेल तर तीनशेपर्यंत.

आणखी काय कडक करायचं?

गांजा कुठल्या डोंगरातून आला हे शोधणं अवघड आहे, मान्य. पण कुत्ता गोळी डोंगरात उगवत नाही. ती कारखान्यात बनते. तिच्यावर कंपनीचं नाव असतं, बॅच नंबर असतो. कारखान्यातून स्टॉकिस्टकडे बिलावर जाते, स्टॉकिस्टकडून मेडिकलला बिलावर येते. शेवटच्या दहा फुटांत, म्हणजे काउंटरवरून खिशात जाताना, तिचं बिल गायब होतं. नशेचा इतका सोपा माग दुसऱ्या कुठल्याच मालाला नाही. तरीही तो सापडत नाही. का? कारण शोधायचाच नसतो.

तपासायला फार मोठी अक्कल लागत नाही. चौथीच्या पोराला येणारी वजाबाकी आहे. समजा एका दुकानानं सहा महिन्यांत ६०० स्ट्रिप घेतल्या. वहीत विक्री दिसते ९० ची. कपाटात शिल्लक ६०. मग उरलेल्या ४५० गेल्या कुठे? एवढा एक प्रश्न तपासणीला आलेल्या माणसानं विचारायचा. वही कोरी असेल तर तीच पुरावा. परवाना निलंबित करायचा, रद्द करायचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तो वापरायचा की चहा पिऊन निघायचं, एवढाच काय तो मुद्दा.

मेडिकलवाल्या मित्रांनो, तुमची बाजू मला माहीत आहे. ऑनलाइनवाल्यांनी धंदा खाल्ला. डॉक्टर चिठोरीवर औषध लिहितात, ना तारीख ना नाव. नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. रात्री चार टवाळ पोरं येऊन काउंटरवर हात आपटतात. खरं आहे. तुमच्यातले बहुतेक जण ही गोळी चिठ्ठीशिवाय देत नाहीत, हेही मला माहीत आहे. पण कोण देतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे! संघटनेच्या बैठकीत त्याच्या शेजारी बसून जेवता ना? मागच्या वेळी मी चार ओळी लिहिल्या तेव्हा त्या दोन-तीन दुकानांना जाब विचारण्याऐवजी मलाच फोन आला. "जाहिराती बंद करू." करा. माझ्या अंकाचं एक पान कमी होईल. त्या ताईंचं पोरगं कमी होता कामा नये.

आता आमच्या जमातीबद्दल. आम्ही पत्रकारही काही धुतल्या तांदळाचे नाही. पोलिसांची प्रेसनोट येते, 'नशेच्या गोळ्यांसह दोघे ताब्यात', टेबलावर मांडलेल्या गोळ्या, मागे उभे साहेब, फोटो, चार कॉलम. मीही छापलंय. एकदाही विचारलं नाही की साहेब, बॅच नंबर काय होता आणि तो माल कुठल्या स्टॉकिस्टनं कुठल्या दुकानाला दिला. पकडली जातात ती पुडी विकणारी पोरं. पुडी बांधणारा हात काउंटरच्या आतच राहतो. ही माझी चूक आहे. यापुढे प्रत्येक कारवाईत हा प्रश्न विचारणार.

आणि मॉर्फिन?

इथे मी मेडिकलवाल्यांना दोष देणार नाही. मॉर्फिनला वेगळी परवानगी लागते, साध्या दुकानानं ते ठेवलं नाही तर त्यात काही चूक नाही. पण सरकारी दवाखान्याचं काय? पूर्वी मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे, म्हणून दवाखाने नादच सोडायचे. २०१४ मध्ये संसदेनं कायदा बदलला. २०१५ पासून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांना 'अत्यावश्यक' ठरवलं. आता दवाखान्याला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून औषध नियंत्रकांची एकच मान्यता घ्यावी लागते. वेदना कमी करण्याचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि हिशेबाची वही हवी. बस. मॉर्फिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून पेशंटला घरी जाऊन मॉर्फिन देण्याची व्यवस्था उभी राहिली. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमचला सरकारचाच अफूचा कारखाना आहे. आणि मॉर्फिन बनतं ते त्याच अफूपासून. माझ्या मामांना मात्र ते मिळालं नाही.

भीती कुणाला वाटते बघा. कायदा पाळणाऱ्याला. तो म्हणतो, "लफडं नको." आणि कायदा मोडणाऱ्याला कसलीच भीती नाही. म्हणून मी म्हणतो, नवा कायदा नको, नुसत्या धाडी नकोत. धाडी वाढल्या की प्रामाणिक दुकानदार पेशंटचं खरं औषधही ठेवणं बंद करतो. वही तपासा. नियमित तपासा. मॉर्फिनचीही आणि कुत्ता गोळीचीही. वही चोख असेल तर पेशंटला औषध मिळेल आणि पोराला मिळणार नाही. कायद्याला तरी दुसरं काय हवं होतं?

उद्या मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. चार प्रश्न आहेत.

१. गेल्या तीन वर्षांत तालुक्यातल्या किती मेडिकलची एच-वन वही तपासली?
२. किती ठिकाणी खरेदी आणि विक्रीचा मेळ बसला नाही, आणि पुढे काय केलं?
३. पकडलेल्या गोळ्यांच्या बॅच नंबरवरून किती वेळा दुकानापर्यंत तपास गेला?
४. आपल्या सरकारी दवाखान्यानं मॉर्फिनच्या मान्यतेसाठी अर्ज केला आहे का? नसेल तर का नाही?

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येईल ते इथेच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

आपणही एवढं करा. चिठ्ठीशिवाय 'ती झोपेची गोळी द्या' म्हणू नका. वडीलधाऱ्यांनीही नाही. बिल मागा. घरात कुणी या गोळ्यांच्या आहारी गेलं असेल तर मारझोड करू नका, आणि गोळी एकदम तोडूही नका. अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि विक्रीची खबर द्यायला १९३३ हे सरकारी हेल्पलाइन नंबर आहेत.

त्या ताईंचा मुलगा सध्या उपचार घेतोय. बरा होईल. मामा गेले.

कॉमेंटमध्ये कुठल्या दुकानाचं नाव लिहू नका, पुराव्याशिवाय कुणाची बदनामी नको. पुरावा असेल तर मला मेसेज करा. नाव गुप्त राहील.