केळीच्या बागेतला काळा धूर

परवा थंडीत सावद्याला गेलो होतो. पारा उतरला की आमच्याकडे केळीला लहान बाळासारखं जपतात. रात्री बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करायचा, ही जुनी रीत. नानांसोबत मीही गेलो. नानांनी ढिगावर ट्रॅक्टरचं फाटकं टायर टाकलं. म्हणाले, "हे बरं. सकाळपर्यंत धुमसत राहतं." घरी आलो तर रुमाल काळा! (नाना, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.)

अहो, टायर म्हणजे पऱ्हाटी नव्हे. रबराबरोबर त्यात काजळी, गंधक, तेलं, पोलादी तारा असतात. उघड्यावर पेटवलं की बेंझीनसारखी कॅन्सर करणारी विषं धुरात येतात. केळी वाचेलही, पण बांधावर बसलेल्या सालदाराच्या छातीचं काय?

नुसतं ठेवलं तरी सुख नाही. पत्रे उडू नयेत म्हणून घरोघरी वर टायर ठेवलेली दिसतात. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाची सोय होते. त्याची अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. त्याचाच भाऊबंद, आशियातला टायगर डास, १९८५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पसरलेला सापडला. तो गेला जुन्या टायरांतूनच!

मग आपण भंगारवाल्याला देतो आणि हात झटकतो. माझं खरं भांडण इथे आहे. भंगारातली बरीच टायर बंद भट्टीत तापवून तेल काढायला जातात. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला अशाच एका कारखान्यात स्फोट झाला. चार जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. ती टायर कुणाच्या तरी अंगणातूनच निघाली असणार ना?

२०२२ पासून कायदा आहे. टायर बनवणाऱ्यांनी आणि आयात करणाऱ्यांनी जुन्या टायरांची जबाबदारी घ्यायची, नोंदणीकृत रिसायकलरकडून तशी प्रमाणपत्रं घ्यायची. कागदावर छान. आमच्या बांधावरचं टायर त्या हिशेबात कुठे बसतं, हे मला तरी दिसलं नाही. म्हणून नानांना एकट्याला दोष देणं मला पटत नाही. ज्यानं विकलं, त्यानंच परत न्यावं. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवता येतं, हे केळीच्या ट्रकवाल्यांना मी काय सांगणार! अगदीच गेलेल्याची भुकटी रस्त्याच्या डांबरात घालतात. म्हणजे वाट आहे, पण ती आमच्या गल्लीपर्यंत येत नाही.

असो. निघायच्या आधी पत्र्यावरची चार टायर उतरवली (वर आता विटा आहेत) आणि टायरच्या दुकानात नेली.

"ठेवून जा भाऊ, भंगारवाला नेईन."

"तो कुठे देतो?"

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचा पगार विचारला. टायर परत गाडीत टाकली. सध्या ती माझ्या गच्चीवर ताडपत्रीखाली आहेत, आणि बायको रोज विचारते, ही कधी जाणार?