करवली कऱ्यासाठी असते, अंबाड्यासाठी नव्हे

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. येत्या सीझनला घरात लग्न असेल तर अर्धवट सोडू नका, एवढीच विनंती.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात जन्मलो, एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. कॉम. झालो आणि उभा जन्म बँकेत काढला. बायकांच्या केसांवर मी लिहावं अशी माझी काहीच पात्रता नाही. माझ्या स्वतःच्या डोक्यावर राजीव गांधींच्या काळापासून केस नाहीत. तरी लिहितोय, कारण गेल्या महिन्यात नातीच्या लग्नाचा अल्बम घरी आला. फोटो चारशे बारा. सवयीप्रमाणे मी तो खातेवही तपासावी तसा तपासला. माझ्या धाकट्या भावाची चौदा वर्षांची नात त्यात फक्त दोन फोटोंत सापडली. एकात ती अक्षतांचं ताट घेऊन पाठमोरी, दुसऱ्यात पंगतीच्या अगदी टोकाला, तेही अर्धी.

ही मुलगी करवली होणार होती. वर्षभर नवरीच्या मागे लागून तिनं ते कबूल करून घेतलं होतं. मधल्या काळात ती आजारी पडली. औषधांनी केस गेले आणि लग्नाच्या वेळी जेमतेम दोन बोटं उगवले होते. मुलगी ठणठणीत बरी झाली, शाळेत जाऊ लागली, गरब्याला चार रात्री नाचली. पण लग्नाच्या मांडवात ती करवली म्हणून उभी राहिली नाही.

आता सांगतो कसं झालं ते. करवल्या पाच ठरल्या. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. साड्या एका रंगाच्या आणि केस एका घडणीचे, असं ठरलं. मोबाइलवर दाखवलेला तो उंच, फुगवलेला अंबाडा, त्यात आतून स्पंजाची चकती, कानाजवळ मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या दोन बटा, वरून स्प्रे. पार्लरचं पॅकेज दर डोक्यामागे 2,200 रुपये, पाच जणींचे 11,000. मी विचारलं की सगळ्यांना एकच कशाला? पार्लरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, ‘काका, बधांना अंबोडा सरखा ज जोइए, फोटामां सारुं लागे.’ सगळे सारखे असले की फोटोत छान दिसतं. विषय संपला.

आणि त्या पोरीनं ग्रुपवर एक ओळ टाकली की मला करवली नको, मी ताटं धरीन. त्याखाली बदाम आले, टाळ्या आल्या. घरातली प्रत्येक बाई, आणि मीसुद्धा, एकच वाक्य म्हणालो, ‘किती समजूतदार आहे नाही पोर!’

ह्या ‘समजूतदार’ शब्दावर मला आज बोलायचंय. हा शब्द मी त्याआधीही ऐकला होता, त्याच घरात, असाच.

1969 साल. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं ते वर्ष, त्याच वैशाखात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. आमच्या घरी ताईआत्या असायची, वडिलांची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. अख्ख्या दांडिया बाजारात तिच्यासारखा अंबाडा कुणाला जमत नसे. लग्नघरी पहाटे तिला बोलावणं यायचं. मी लहान असताना आकड्यांची वाटी धरून तिच्याजवळ बसायचो, त्यामुळे मला थोडंफार ठाऊक आहे. ती आधी मुलीला समोर बसवून नुसती बघायची. केस दाट असतील तर पाच पेडांची वेणी घालून तिचा अंबाडा मानेवर बसवायची. विरळ असतील तर सैल पीळ देऊन खोपा, आत थोडं गंगावन. कपाळ अरुंद असेल तर केस मागे ताणायची नाही. आकडा टोचला तर मुलगी चार तास हसणार कशी, म्हणून प्रत्येक आकडा खोचून झाला की डोकं हलवायला सांगायची. वैशाखातला बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, म्हणून गजरा ओल्या फडक्यात शेवटपर्यंत झाकलेला. आणि पाच मुली असल्या तर पाच तऱ्हा व्हायच्या. सारखी असायची ती फक्त फुलं, खंडेराव मार्केटातून पहाटे आणलेला मोगरा.

त्या दिवशी तिनं नवरीचा अंबाडा घातला, वर मूद आणि राखडी बसवली, दोन्ही करवल्यांचे खोपे बांधले, आणि हात धुऊन माजघरात गेली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिला कुणी ‘येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. म्हणावंच लागलं नाही. आजी पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती, ‘आमची ताई फार समजूतदार.’

त्या लग्नाचा काळापांढरा अल्बम अजून माझ्या कपाटात आहे. काळे कागद, कोपऱ्यांत चिकटवलेले फोटो, मध्ये जाळीचा पारदर्शक कागद. त्यात ताईआत्या एकाही फोटोत नाही. तिनं घातलेले अंबाडे मात्र प्रत्येक फोटोत आहेत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेजात वादविवादात भाग घ्यायचो, सयाजीराव महाराजांच्या सुधारणांवर भाषणं ठोकायचो. माजघरात पाणी प्यायला गेलो, तिला पाहिलं, आणि पाणी पिऊन बाहेर आलो. ही माझी बाजू. लपवत नाही.

आता मुद्दा. दोन्ही गोष्टींत छप्पन्न वर्षांचं अंतर आहे, पण हिशेब एकच आहे. घरातला जो सगळ्यांत दुबळा, त्यानं आपणहून मागे सरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या समजूतदारपणाची पावती फाडायची. बँकेत आम्ही म्हणायचो, कर्ज घेणारा एक आणि फेडणारा जामीनदार, तर कुठेतरी गफलत आहे. इथे शोभा सगळ्यांची, आणि हप्ते भरले एका चौदा वर्षांच्या पोरीनं.

पूर्वी आपण ‘अशुभ’ म्हणायचो, आता ‘फोटोत मॅच होत नाही’ म्हणतो. पहिल्या शब्दाला निदान शिव्या देता येतात. दुसऱ्याला इतकी सुंदर पॅकिंग आहे की कुणाला तो लागतोय हेच कळत नाही.

माझ्या घरच्याच काही मंडळींनी ह्यावर उत्तरं दिली. तीही मांडतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको.

पहिलं उत्तर: ‘आजोबा, केसांना एवढं काय महत्त्व देता?’ अहो, मी नाही देत, आपण देत आलो. आपल्या समाजात बाईचे केस ही कधीच तिची एकटीची बाब नव्हती. नवरा गेला की वस्तरा फिरवायचा आणि लाल आलवण नेसवायचं, हे आमच्या पणजीच्या वाट्याला आलं. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांचं पोट त्या कामावर होतं, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. घरात बसलेल्या शहाण्यासुरत्यांना मात्र ते सुचलं नव्हतं. तेव्हा बाईच्या डोक्यावर काय असावं आणि त्यावरून तिनं कुठे उभं राहावं, हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा रोग जुना आहे.

दुसरं उत्तर: ‘ही तर आपली परंपरा, करवली नटलेलीच हवी.’ हे वाक्य आपण बाहेरगावचे मराठी फार लवकर काढतो. गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज इथे आले, पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीत व्यवहार केले, म्हणून लग्नकार्यात मराठीपण घट्ट धरून ठेवतो. चांगलंच आहे. पण धरायचंच तर नीट धरा. करवली म्हणजे कोण? नवरीच्या पाठीशी करा घेऊन उभी राहते ती. कऱ्यात पाणी, वर नारळ. मंगलाष्टकं संपली की त्यातलं पाणी ती वधूवरांच्या डोळ्यांना लावते. तासभर डोळ्यांवर ताण, धूर, गर्दी, उपास, त्यावर घरच्या माणसाचा गार हात. हे तिचं काम आणि हा तिचा मान. त्यात केसांची लांबी कुठे येते? आमच्या पाच करवल्यांपैकी तिघींना करा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मुहूर्ताच्या वेळी करा खुर्चीखाली होता आणि करवल्या सेल्फीत होत्या. पाणी लावायला शेवटी गुरुजींनी हाक मारली. परंपरेचा करा खाली ठेवला आणि अंबाडा तेवढा वर चढवला, अशी ही परंपरा.

तिसरं उत्तर: ‘आम्ही काही तिला काढलं नाही, ती आपणहून गेली.’ हे सगळ्यांत धोक्याचं उत्तर आहे, कारण ते खरं आहे. ताईआत्याही आपणहून गेली होती. माणूस आपणहून जातो तेव्हा आधी त्याची जागा कुणीतरी काढून घेतलेली असते. पाचही जणींना एकच उंच अंबाडा, असं ठरलं त्या क्षणी दोन बोटं केसांच्या मुलीची जागा संपली. तिनं फक्त ते वाचलं आणि आपली लाज राखली. आणि आमचीही.

आता तुम्ही म्हणाल, पार्लरवालीचा दोष. मलाही तसंच वाटत होतं. अल्बम पाहिल्यावर मी सरळ तिच्या दुकानात गेलो. नातीचा आजोबा आलेला पाहून तिला वाटलं पैशांची तक्रार आहे. मी विचारलं, दोन बोटं केस असलेल्या मुलीला तुम्ही काय केलं असतं? ती लगेच म्हणाली, शेवंतीची वेणी पट्टीवर शिवून, पट्टी कानामागून बांधून मागे दोन आकडे, वर अबोलीची एक ओळ. दहा मिनिटांचं काम, पैसेही कमी. मग थांबून म्हणाली, ‘पण काका, मने कोईए पूछ्युं ज नहीं.’ मला कुणी विचारलंच नाही.

मंडळी, ह्या वाक्यावर मला त्या दुकानाच्या पायरीवर क्षणभर बसावं लागलं. तिनं तर मेन्यू कार्ड समोर ठेवलं होतं. त्यातलं सगळ्यात वरचं पान आम्ही निवडलं आणि पुढचं पान उलटलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी आमच्या घरी जाहीर केलंय, कारण येत्या वैशाखात नातवाचं लग्न आहे.

एक, करवल्या आधी ठरतील, केस मागाहून. उलट्या क्रमानं ठरवायचं असेल तर मला निमंत्रणपत्रिकेत ‘निमंत्रक’ म्हणून छापू नका.

दोन, प्रत्येकीच्या डोक्याप्रमाणे प्रत्येकीचा अंबाडा. दाट केसांना पेडांचा, विरळ केसांना पिळाचा खोपा, आखूड केसांना वेणीची पट्टी, आणि जिला काहीच नको तिला काहीच नाही. एकसारखं हवंच असेल तर मोगरा सारखा ठेवा. फुलं कुणाचे केस मोजत नाहीत.

तीन, मानेवरचा अंबाडा आणि फुगवलेला उंच अंबाडा ह्यांत निवडायचा असेल तर मुलीला तो घालून तासभर घरात वावरू द्या. वैशाखात, जरीच्या साडीत, चाळीस आकडे आणि स्प्रे घेऊन चार तास उभं राहायचंय तिला, तुम्हाला नाही.

चार, घरात विधवा काकू, आत्या, मावशी असेल तर करा तिच्या हातात द्या. तिनं नको म्हटलं तर दोनदा विचारा. पहिलं ‘नको’ तिचं नसतं, आपण शिकवलेलं असतं.

ह्यावर आमच्या एका ज्येष्ठ नातेवाईकांनी फोन करून सुनावलं, ‘तू रिटायर झाल्यापासून फार क्रांतिकारक झालास.’ मी म्हटलं, उशीर झाला हे मान्य, पण व्याजासकट भरतोय.

भावाच्या नातीला मी विचारलंय. वैशाखापर्यंत तिचे केस कानापर्यंत येतील म्हणे. ती अजून ‘हो’ म्हणालेली नाही. ‘बघू, आजोबा,’ म्हणाली, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. एकदा समजूतदार ठरवलेल्या माणसाचा विश्वास एका पोस्टनं परत येत नाही, हे मला कळतं. मी थांबेन.

ताईआत्याची आकड्यांची वाटी मात्र कपाटातून काढून चिंचेनं घासून ठेवलीय. पितळेची आहे, अजून चमकते.

तुमच्या घरच्या अल्बममध्ये कोण नाही ते आज एकदा बघा. सापडलं तर खाली लिहा. आणि माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा, मी भांडायला मोकळाच आहे.