भाकर सुटली, साखर वाढली

नागपूरच्या रामदासपेठेत एक चक्कर मारा. दवाखाने, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने यांची रांगच रांग दिसेल. बाहेर गावोगावची माणसे रिपोर्टांची पिशवी धरून बसलेली असतात. त्यात आपल्या वस्त्यांतील माणसे कमी नाहीत. आमच्या परिचयातील धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी अशाच एका दवाखान्यातून आहाराचा कागद घेऊन आल्या. कागद इंग्रजीत! त्यावर ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली, बदाम. शिवाय कुणीतरी वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्यांचा महागडा डबा त्यांच्या गळ्यात मारलेला. मावशींनी विचारले, "भाऊ, हे कुठी भेटते? अन् आमी खावं काय?"

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. आणखी 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मग हा श्रीमंतांचा रोग कसा म्हणायचा?

आम्ही म्हणतो, मावशींना हवी ती पोषकद्रव्ये त्यांच्या आईच्या चुलीजवळच होती. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, चवळी-मटकीची उसळ, जवसाची चटणी, अंबाडी, तरोटा, मेथी, मुंगण्याच्या शेंगा. यातील तंतू अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरू देतात. डाळी-उसळींमुळे पोट भरलेले राहते, भाताचा ढीग आपोआप कमी होतो. मात्र भाकरीतही पिष्ट असतेच. चार भाकरी खाऊन साखर उतरणार नाही. अर्धे ताट भाजीचे, पाव ताट डाळ-उसळीचे आणि पाव ताट भाकरीचे किंवा भाताचे, एवढा हिशेब पुरे.

ही भाकर आपल्या ताटातून गेली कशी? ती गरिबीची खूण ठरवली गेली. रानभाजी खाणाऱ्याला हिणवले गेले. रेशन दुकानातून प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळाले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. 2023 हे तर संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मोठमोठ्या हॉटेलांत ज्वारी-बाजरीचे पदार्थ सजले. पण रेशनच्या थैलीत ज्वारी बारमाही का नाही? याचा जाब चळवळीने विचारला पाहिजे.

येथे एक सावधगिरी हवी. वनस्पतींचे गुण सांगता सांगता काही लोक शाकाहाराचे सोवळे आपल्या ताटावर लादू पाहतात. त्यांना विज्ञानानेच उत्तर द्यावे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील ब-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. अंडी, मासे, मांस, दूध यांतून मिळते. भाजी वाढवा, पण अंडे-मासळीची लाज बाळगू नका.

दुसरी सावधगिरी भोंदूंपासून. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. मेथी, कारले हे अन्न आहे, गोळीला पर्याय नाही. गोळ्या चालू असताना कारल्याच्या रसाचा मारा केला तर साखर एकाएकी घसरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी आणि पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. इन्सुलिन बंद करून काढा पिणे म्हणजे जिवाशी खेळ. खुद्द मेटफॉर्मिनचे मूळही एका युरोपीय वनस्पतीतील द्रव्यात सापडते. पण ते औषध प्रयोगशाळेत तपासून, मोजून सिद्ध झाले. श्रद्धा आणि विज्ञान यांतला फरक तो हाच.

आम्हाला हे बोलायचा अधिकार आहे, कारण मधुमेहाने आमचे केवढे नुकसान केले ते आम्ही जाणतो. परमपूज्य बाबासाहेबांचे शरीर याच रोगाने पोखरले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी याच नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि 6 डिसेंबरला ते गेले. दोन महिनेही झाले नव्हते. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर? हा विचार आजही छातीत कळ उठवतो.

तथागतांनी कोसलनरेश पसेनदीला जेवणात मात्रा ओळखायला सांगितले होते. रोज जेवताना एका तरुणाने राजाला त्याची आठवण द्यायची, असे ठरले आणि राजाचा आहार हळूहळू आटोक्यात आला. तो तरुण आज प्रत्येक विहारात हवा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर साखर तपासणी ठेवा. भोजनदानात बुंदीऐवजी उसळ आणि भाकर वाढा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकारी आरोग्य केंद्रात न्या, तेथील मोफत गोळ्या हक्काने मागा. आहाराचा कागद मराठीतच मागा.

त्या मावशींना आम्ही तो कागद मराठीत लिहून दिला. ओट्सच्या जागी ज्वारी, ब्रोकोलीच्या जागी अंबाडी. वाचून त्या हसल्या, "हे तं माह्या मायचंच जेवन हाय!"

होय मावशी, तेच. लाज सोडून ते पुन्हा ताटात घ्या. जयभीम!