परवानगी म्हणजे अभय नव्हे

न्याहारीचा पाव मऊ, फुगलेला आणि पांढराशुभ्र असावा, ही अपेक्षा आता घरोघरी रुजली आहे. या फुगण्यामागे केवळ गहू आणि यीस्ट नव्हते, याची जाणीव मात्र फार थोड्यांना होती. पोटॅशियम ब्रोमेट नावाचे रसायन वर्षानुवर्षे मैद्यात मिसळले जात होते. आणि ते चोरून नव्हे, तर कायद्याच्या संमतीने!

या रसायनामुळे प्रयोगशाळेतील उंदरांच्या मूत्रपिंडात कर्करोगाच्या गाठी होतात, असे दिसून आल्यावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवासाठी संभाव्य कर्करोगकारक पदार्थांत केली. ब्रिटनने १९९० साली त्यावर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९२ साली मैद्यातील त्याचा वापर अयोग्य ठरविला. भारतात मात्र ते २०१६ पर्यंत अनुमत राहिले. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने पाव, बन आदींच्या ३८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट वा आयोडेट आढळले. देशभर ओरड झाली आणि जूनमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ब्रोमेट अनुमत यादीतून वगळले. जे चोवीस वर्षांत घडले नाही, ते महिन्याभरात घडले. मग मधली चोवीस वर्षे कोणाच्या खाती मांडायची?

येथे 'सुरक्षित' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. एखादे द्रव्य प्राण्यांना वाढत्या मात्रेत देतात. ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही, तिला सामान्यतः शंभराने भागतात आणि येणारा आकडा माणसासाठी दैनंदिन ग्राह्य मात्रा मानतात. ही पद्धत निराधार नाही. परंतु तिचा निष्कर्ष उपलब्ध पुराव्यापुरताच खरा असतो. नवा पुरावा आला की निकाल पुन्हा तपासावा लागतो. परवानगी हा अखेरचा निवाडा नसून तात्पुरता कौल असतो, याचा विसर पडला की ब्रोमेटसारखे प्रकरण घडते.

दुसरा प्रश्न अंमलबजावणीचा. सनसेट यलो या पिवळ्या रंगाची ग्राह्य मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम आहे. १५ किलो वजनाच्या बालकाला ती दिवसाला ६० मिलिग्रॅम पडते. आपल्याकडे खाद्यपदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा साधारणतः किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे नियमाने रंगविलेली मिठाई त्या बालकाने ६०० ग्रॅम खाल्ली, तरच मर्यादा गाठली जाते. कागदावर हे निर्धोक आहे. पण जत्रेतील जिलेबीत वा सुट्या लाडवांत रंग तराजूने नव्हे, चिमटीने पडतो. कित्येकदा तर अनुमत रंगाऐवजी बंदी असलेला मेटॅनिल यलो पडतो. सुट्या मालावर घटकांची यादी नसते आणि ज्याचे वजन कमी, त्या बालकालाच रंगीत खाऊचे आकर्षण अधिक!

याचा अर्थ प्रत्येक मिश्रक विष आहे, असा नव्हे. योग्य परिरक्षकामुळे अन्नातील बुरशी व जंतू रोखले जातात, हेही सत्य आहे. सरसकट भय पसरविणे हा आंधळ्या विश्वासाइतकाच अविवेक होय. मागणी असावी ती नेमकी : अनुमत यादीचे ठरावीक मुदतीने पुनर्परीक्षण व्हावे, इतरत्र एखादे द्रव्य त्याज्य ठरताच त्याची येथे तातडीने फेरतपासणी व्हावी, तपासणीचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा व निरीक्षक यांचे पुरेसे बळ असावे.

मात्र सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. वेष्टनावरील बारीक अक्षरांतील क्रमांक वाचणे, भडक रंगाच्या मिठाईला नकार देणे, शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करणे, ही कामे प्रत्येक कुटुंबाला सहज शक्य आहेत. २०१६ साली लोकांच्या आवाजाने महिन्यात नियम बदलला. तो आवाज दर वेळी संकटाची वाट का पाहतो, याचा विचार स्वयंपाकघरापासूनच सुरू व्हायला हवा.