बढती मिळाली, म्हणून थापी टाकावी काय?



मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झाली की घरात पेढे येतात. दोन महिन्यांनी तीच सांगते, "आई, दिवसभर मिटिंगाच. प्रोग्राम लिहायला वेळच मिळत नाही." आईला कळत नाही, बढती मिळाल्यावर तोंड उतरायचे कारण काय?

ज्यांच्या घरात गवंडी आहे त्यांना हे लवकर उमजेल. गवंड्याचा मिस्त्री झाला म्हणजे हजेरी, माल, माणसांची भांडणे त्याच्या गळ्यात येतात. पण ओळंबा लावून भिंत पाहणेच त्याने सोडले, तर वाकडी भिंत त्याला कोण दाखवणार?

म्हणून माणसे सांभाळणे हे रिकामे काम समजू नका. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रचंड कामाची धुरा फ्रेड ब्रुक्स यांनी वाहिली. १९७५ साली त्यांनी पुस्तकात लिहिले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतोच. नव्याला शिकवण्यात जुना अडकतो. शिवाय पाच माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १०, दहा माणसांत ४५! हा गुंता कोणीतरी सोडवायलाच हवा. गूगलने २००२ साली इंजिनियरांवरचे मॅनेजर काढून पाहिले. काही महिन्यांतच ते परत आणावे लागले. पुढे २००९ साली त्याच कंपनीने चांगल्या मॅनेजरचे गुण तपासले. आठ गुणांत हाताखालच्याला शिकवून तयार करणे पहिले आले, तांत्रिक ज्ञान शेवटचे. शेवटचे, पण यादीत होतेच.

ते विसरणाऱ्याला फटका बसतो. २०२३ साली फेसबुकच्या मेटा कंपनीने अनेक मॅनेजरांना सांगितले, की पुन्हा स्वतः हाताने काम करा. ज्यांचा हात पाच-सहा वर्षे कोडिंगवरून उठला होता त्यांचे काय झाले असेल, विचार करा.

मग करावे काय? ज्याच्यावाचून सगळ्यांचे अडते असे काम मॅनेजरने अंगावर घेऊ नये. अचानक मिटिंग लागली की दहा जण त्याची वाट पाहत बसतात. इतरांनी लिहिलेला कोड रोज वाचावा, चुका दाखवाव्यात. एखादा लहानसा दोष स्वतः दुरुस्त करावा. सकाळचे दोन तास मिटिंगांपासून राखता आले तर उत्तमच. कोडिंगला सलग वेळ लागतो, मधल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत ते होत नाही.

काहीजण हे काम रात्री जेवल्यावर करतात. तेवढे मात्र नको. त्यात झोप जाते आणि लेकरे दाराआडून बघत राहतात.

आणि मुलीने एक दिवस म्हटले, "मला मॅनेजरी नको, मी प्रोग्रामच लिहीन," तर शेजारी काय म्हणतील म्हणून तिला अडवू नका. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कोड लिहिणाऱ्यांच्या बढतीची वेगळी वाट असते, आणि वरच्या पायऱ्यांवर पगार मॅनेजरच्या बरोबरीचा असतो. तिच्या कंपनीत ती वाट आहे का, एवढे तिला विचारायला सांगा.