ओळखीपुरते शिक्षण

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातली एक मुलगी घरच्या शेतातली माती पिशवीत भरून महाविद्यालयात घेऊन आली होती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या पाहण्यात आलेली ही गोष्ट. खुल्या ऐच्छिक विषयांतून तिने माती परीक्षण निवडले होते. नमुना कसा काढायचा, हे तिने नीट वाचले होते. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, बांधाची कड आणि शेणखताच्या ढिगाची जागा वगळली, सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले आणि असे करत शेवटी अर्धा किलो राखली. वर्गात ऐंशी मुले आणि सामू मोजायचे यंत्र एकच, तेही बंद. शिकवणारे सर भूगोलाचे, तासिका तत्त्वावर नेमलेले. त्यांनी पडद्यावर चित्रफीत दाखवली, टिपणे दिली. सत्र संपले, मुलीला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण मिळाले. पिशवीची गाठ कुणी सोडली नाही.

राज्यातल्या पदवीच्या पहिल्या वर्षाचे काय होऊ घातले आहे, ते त्या न सुटलेल्या गाठीत दिसते. म्हणून आज हा विषय.

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 रोजी मंजूर झाले. राज्य शासनाने 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आराखडा ठरवला आणि 2024-25 पासून तो संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला 20 ते 22 श्रेयांक मिळवायचे असतात. त्यातले मुख्य विषयाला चार ते सहा. उरलेले सगळे दोन-दोनच्या तुकड्यांत वाटलेले. दुसऱ्या विद्याशाखेतले खुले ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम. मुलांच्या तोंडी ही सगळी इंग्रजी आद्याक्षरे झाली आहेत; खुला ऐच्छिक म्हणजे ‘ओई’, कौशल्यवृद्धी म्हणजे ‘एसईसी’. ‘तुझा ओई कुठला?’, ‘एसईसीला कोण सर आहेत?’ आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळतच नाही.

यामागचा विचार आम्हाला मान्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जमाखर्च यावा, वाणिज्याच्या मुलीला माती कळावी, हे हवेच. महाराष्ट्राला तर ही मागणी जुनी आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे धडे मागितले होते. पण जोतीराव विषयांची यादी देऊन थांबले नाहीत. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक कसा हवा, तेही सांगितले. गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला जो लाजणार नाही, असा. आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, हेही नमूद केले. विषय, तो शिकवणारा हात आणि त्या हाताचा मोबदला ही तिन्ही त्यांनी एकाच वेळी मागितली. दीडशे वर्षे होत आली, आणि आपण त्यातली फक्त यादी उचलली.

दोन श्रेयांकांच्या तात्त्विक विषयाला तीस तास मिळतात, प्रात्यक्षिकाला साठ. एखाद्या अनोळखी शास्त्राच्या उंबरठ्यावर मुलाला उभे करायला तीस तास कमी नाहीत, शिकवणाऱ्याला ते शास्त्र अंगभर ठाऊक असेल तर. ओळख करून देणे हे अध्यापनातले सर्वांत कठीण काम आहे. काय वगळायचे, हे ज्याला सगळे येते त्यालाच कळते. हेच काम आज बहुतेक ठिकाणी कुणाच्या वाट्याला येते? अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची हजारो पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत. त्यामुळे पहिले वर्ष तासिकेवरच्या शिक्षकांकडे जाते. घेतलेल्या तासापुरते त्यांना पैसे मिळतात, सुट्टीचे महिने कोरडे जातात, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ते ठाऊक नसते. अशा माणसाने नव्या विषयाची तयारी कशाच्या बळावर करावी? त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यातले अनेक जण पदरमोड करून पुस्तके घेतात, हे आम्हाला माहीत आहे.

विषय कोणता ठेवायचा, हेही अनेकदा मुलांची गरज पाहून ठरत नाही. मुख्य विषयाचे तास घटले, तेव्हा विभागाविभागांत वर्कलोडची चिंता सुरू झाली, आणि ज्याचे तास कमी पडतात त्याला एखादा ऐच्छिक विषय काढून देण्यात आला. प्राध्यापकांची ही भीती खोटी नाही; नोकरी जाण्याचीच ती भीती आहे. पण तिची किंमत अठरा वर्षांचे मूल मोजते. निवड म्हणून त्याच्यापुढे जे ठेवले जाते, ते वेळापत्रकात उरलेले असते. त्यात मराठीत नीट पुस्तक नाही, मग बाजारातले गाईड आणि मोबाइलवर फिरणारी पीडीएफ.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येते. 40 ते 44 श्रेयांक आणि जोडीला चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला की प्रमाणपत्र हाती पडते. हे दार कोण वापरील? ज्याच्या घरी तीन वर्षांचा खर्च झेपतो, तो नाही. वापरील ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी, जिचे लग्न ठरले आहे. वापरील तो मुलगा, ज्याच्या वडिलांचा यंदा पाय मोडला. परत येण्याची मुभा कागदावर आहे, पण संसार आणि रोजगार सुटून परत येणारे थोडे. म्हणजे ज्यांना पुढे काहीच मिळणार नाही, त्यांच्यासाठी पहिले वर्ष हेच सगळे शिक्षण. त्या वर्षात माती पिशवीतच राहिली, तर ते प्रमाणपत्र घेऊन त्यांनी कुणाच्या दारात उभे राहावे?

यावर उपाय नाही असे नाही. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांची यंत्रे आणि निदेशक आठवड्यातून एक दिवस शेजारच्या महाविद्यालयाला मिळाले, तर साठ तासांचे प्रात्यक्षिक खरोखर होईल. त्यासाठी उच्च शिक्षण, कौशल्य विकास आणि कृषी या तीन खात्यांनी एकत्र बसायला हवे. रिक्त पदे भरताना पहिल्या वर्षाच्या वर्गांचा विचार आधी व्हावा. प्रत्येक महाविद्यालयाने सत्राअखेर सूचना फलकावर लावावे, की अमुक विषयाचे इतके तास ठरले होते, इतके झाले आणि इतक्या मुलांनी उपकरण स्वतः हाताळले.

आणि येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी खुल्या विषयांची यादी लागेल, तेव्हा प्रत्येक विषयासमोर शिकवणाऱ्याचे नाव लिहावे. जिथे नाव लिहिता येत नाही, तो विषय त्या वर्षी यादीतून काढून टाकावा.